सदुसष्ट-तीन-सी : महापालिकेच्या ‘आणीबाणी’ची पार्श्वभूमी

‘महापालिकेने आणीबाणी जाहीर केली’ असं आपण सहज बोलून जातो. कायद्यात अशी घोषणा कुठेच नाही. राज्यघटनेतली आणीबाणी दिल्लीच्या हातात. शहराच्या वाट्याला येतो तो तातडीने हातपाय हलवण्याचा अधिकार. तोही शहराला नव्हे, सरकारने नेमलेल्या महापालिका आयुक्तांना.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला आणि पुण्यातल्या घरझडत्यांचं पुढे काय झालं ते सर्वज्ञात आहे. त्या कायद्याने संकट ओळखण्याचा अधिकार सरकारकडे ठेवला. सरकार ज्याला नेमेल त्याने अंमल करायचा. हाच साचा १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, जसाच्या तसा कपाटातून निघाला.

मधल्या काळातला खरा दस्तऐवज म्हणजे महाराष्ट्राचा १९४९ चा महापालिका अधिनियम. मुंबईचा कायदा वेगळा, १८८८ चा. तो इथे बाजूला ठेवू. या अधिनियमाचं कलम ६७, पोटकलम ३, खंड सी. पालिकेच्या वर्तुळात त्याला नुसतं ‘सदुसष्ट-तीन-सी’ म्हणतात. अचानक अपघात, अनपेक्षित घटना किंवा नैसर्गिक आपत्ती ओढवली किंवा ओढवण्याची भीती असली, आणि त्यात पालिकेच्या मालमत्तेचं मोठं नुकसान किंवा जिवाला धोका संभवत असला, तर आयुक्तांनी योग्य वाटेल ती कारवाई लगेच करावी. अट एकच : काय केलं, का केलं आणि अंदाजपत्रकात तरतूद नसलेला किती खर्च झाला किंवा होईल, हे नगरसेवकांच्या स्थायी समितीला आणि महापालिकेला, म्हणजे सभागृहाला, ताबडतोब कळवायचं.

वाद सगळा ‘अनपेक्षित’ या शब्दावर. पूल खचला तर प्रश्नच नाही. पण नालेसफाई? पाऊस दर जूनमध्ये येतो, तरी निविदेला वेळ उरला नाही म्हणून या कलमाचा आधार घेतल्याचे आक्षेप वर्षानुवर्षं होत आले आहेत. उशीर आपणच करायचा आणि त्यालाच आपत्ती म्हणायचं, हे कलमाच्या मूळ हेतूत बसत नाही. अर्थात दुसरी बाजूही आहे : भिंत कोसळत असताना समितीची बैठक बोलावत बसणं कोणाला परवडेल?

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने व्याख्या तरी दिली : बाधित भागातल्या लोकांना स्वतःच्या बळावर निभावता येणार नाही ती आपत्ती. त्याच वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. पण प्राधिकरणं नेमली गेली ती देश, राज्य आणि जिल्हा पातळीवर. महापालिकेकडे आली प्रशिक्षण, साधनसामग्री, मदतकार्य अशी कामं. कोरोनात आयुक्तांना ‘सक्षम प्राधिकारी’ म्हणून जे बळ मिळालं, ते वरून उसनं आलेलं.

खरी गंमत २०२२ नंतरची. मुदत संपलेल्या महापालिकांच्या निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. बहुतेक ठिकाणी आयुक्त हेच प्रशासक होते, म्हणजे स्थायी समितीही तेच. सदुसष्ट-तीन-सीचा अहवाल आयुक्तांनी स्वतःलाच द्यायचा!

आपत्ती व्यवस्थापन कायद्यातल्या २०२५ च्या दुरुस्तीने महापालिका असलेल्या मोठ्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची सोय केली. अध्यक्ष आयुक्त, उपाध्यक्ष जिल्हाधिकारी. निवडून आलेल्या सभागृहाच्या प्रमुखाला, महापौरांना, या दोन्ही खुर्च्यांत जागा नाही.