नौसेना मेडलचा मासिक भत्ता: अर्ज परत का येतो आणि काय जोडायचं

एकाहत्तरच्या युद्धात जहाजावर रडार सांभाळलेल्या नौसैनिकाच्या घरचे लोक पदकांची डबी घेऊन येतात. "वडिलांना शौर्यपदक मिळालं होतं, भत्ता का नाही?" डबी उघडली की बहुतेक वेळा पश्चिमी स्टार, संग्राम मेडल आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल निघतं. ही पदकं त्या काळी सेवेत असलेल्या हजारोंना मिळाली. त्यांचा मान मोठा आहे, पण त्यांवर शौर्यभत्ता नाही.

नौसेना मेडल चांदीचं, पाच बाजूंचं असतं. फीत गडद निळी, मधोमध बारीक पांढरी रेघ. वीरचक्राची फीत अर्धी निळी, अर्धी केशरी. पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. उजेडात धरून, लागलंच तर भिंगाने वाचा आणि अक्षर न् अक्षर कागदावर उतरवून घ्या.

आता खरी मेख. नौसेना मेडल शौर्यासाठीही मिळतं आणि कर्तव्यनिष्ठेसाठीही. भत्ता फक्त शौर्याच्या पदकाला. जुन्या कागदांवर मात्र नुसतं 'नौसेना मेडल' लिहिलेलं असतं, आणि तेवढ्यावर कारकून अर्ज बाजूला टाकतो. म्हणून पदक कशासाठी दिलं ते सांगणारा मजकूर हवा. भारताच्या राजपत्राचा भाग १, खंड १ पाहा. १९७२ च्या अंकांपासून शोधायला लागा. नाहीच सापडलं तर सेवा क्रमांक घालून मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्सला लिहा.

१ ऑगस्ट २०१७ पासून नौसेना मेडलला (शौर्य) महिना २,००० रुपये आणि वीरचक्राला ७,००० रुपये आहेत. पदकधारकामागे ते पत्नीला मिळतात. तिने पुनर्विवाह केला असला तरी. कर्त्या मुलाने स्वतःच्या नावाने अर्ज करू नये, तो नामंजूरच होतो. अर्ज आईच्या नावाने करा.

आणि आईचं नाव हीच दुसरी अडचण. नौदलाच्या नोंदीत माहेरचं नाव, आधारवर सासरचं. लग्नाचा दाखला मागतात, पण त्या काळी गावात लग्नाची नोंद करत होतं कोण? कुटुंब निवृत्तिवेतन चालू असेल तर तो आदेश सर्वात वर लावा, त्यात पत्नी म्हणून तिचं नाव आलेलं असतं. सोबत दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र. ऐंशीच्या घरातल्या बाईला ती स्वतःच आहे हे सिद्ध करायला तीन-तीन खेपा घालायला लावणं मला अजिबात पटत नाही. म्हणून हे आधीच करून ठेवा.

बाकी आधार, पासबुक, सेवामुक्तीचे कागद नेहमीचेच. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज तपासून घ्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. राज्य शासनाचं रोख बक्षीस वेगळं आहे, त्याचा अर्जही वेगळा. मूळ सन्मानपत्र आणि पदक दाखवा, पण देऊन येऊ नका. छायाप्रतीवर तिथेच शिक्का मारून घ्या.