बसणं, वसणं आणि परतणं: 1967 नंतरच्या येशिवांची पार्श्वभूमी

'येशिवा' हा शब्द हिब्रूत 'बसणे' या धातूपासून आला. ज्यू धर्मग्रंथ समोर ठेवून, जोडीदाराशी वाद घालत शिकत बसायची जागा ती येशिवा. वसाहत या अर्थाचा हिब्रू शब्दही त्याच धातूचा. मराठीत 'बसणं' आणि 'वसणं' यांत निदान एका अक्षराचं अंतर आहे. हिब्रूत मुळाशी तेवढंही नाही. जून 1967 च्या युद्धात जेरुसलेमचं जुनं शहर आणि हेब्रोन जॉर्डनकडून इस्रायलकडे आलं. त्यानंतर येशिवा मूळ जागी परत नेण्याची मागणी झाली, तेव्हा बसायला परतायचं की वसायला, हे कोणी नीट वेगळं केलं नाही. अनेकांना ते वेगळं करायचंच नव्हतं.

त्यातल्या त्यात सरळ गोष्ट जेरुसलेमच्या जुन्या शहरातल्या पोरात योसेफ या येशिवेची. कोलकात्यातल्या एका बगदादी ज्यू व्यापाऱ्याने तिला पैसा दिला. मुंबईचं ससून घराणं ज्या समाजातलं, त्याच समाजातला हा गृहस्थ. त्याला म्हणे जेरुसलेममध्ये रुग्णालय बांधायचं होतं, पण बगदादच्या एका थोर धर्मपंडिताने येशिवा बांधायला सुचवलं. 1914 साली पायाभरणी झाली, मध्ये महायुद्ध आलं, आणि ज्यूंना पवित्र असलेल्या पश्चिम भिंतीजवळच्या चढावर इमारत खुली व्हायला 1923 उजाडलं. अरबी बोलणाऱ्या देशांतून आलेल्या ज्यूंचं ते मोठं विद्यापीठ ठरलं. 28 मे 1948 रोजी जुन्या शहरातल्या ज्यू वस्तीने जॉर्डनच्या फौजेपुढे शरणागती पत्करली. वस्ती रिकामी झाली, येशिवेची इमारत उद्ध्वस्त झाली, हस्तलिखितं गेली. विद्यार्थी पश्चिम जेरुसलेममध्ये पांगले आणि पुढे गेउला भागात नवी इमारत उभी राहिली. 1949 च्या युद्धविराम करारातल्या आठव्या कलमात पवित्र स्थळी जाण्याची मोकळीक होती. 1967 पर्यंत ती कागदावरच राहिली.

1967 नंतर त्याच चढावर मोशे सफदी या वास्तुरचनाकाराच्या आराखड्याने नवी पोरात योसेफ बांधली गेली. संस्था तीच, जागा तीच, परंपराही न तुटलेली. 'परत' हा शब्द इथे बिनदिक्कत वापरता येतो. तरीही गेउलातली येशिवा बंद झाली नाही. वीस वर्षांत तिथे बिऱ्हाडं थाटली गेली होती, दुकानं, शाळा, नातीगोती सगळं तिथलं झालं होतं. घर परत मिळालं तरी माणूस आधीचं घर सोडतोच असं नाही, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

पण ज्या जमिनीवर हे सगळं घडलं, ती कशी मिळवली गेली? माझ्या मते या इतिहासातला सर्वांत वादग्रस्त निर्णय एप्रिल 1968 चा. इस्रायलच्या अर्थमंत्र्यांनी जुन्या शहरातली 116 दुनम, म्हणजे सुमारे 29 एकर जमीन एका आदेशाने संपादित केली. आधार होता ब्रिटिश अमदानीतला 1943 चा भूसंपादन वटहुकूम, आणि कारण दिलं होतं 'सार्वजनिक प्रयोजन'. आपल्याकडेही इंग्रजांचा 1894 चा कायदा याच शब्दांवर एकशे वीस वर्षं चालला, त्यामुळे या दोन शब्दांत काय काय मावतं हे आपल्याला ठाऊक आहे.

गंमत अशी की हा मार्ग मालमत्ता परत करण्याचा नव्हताच. कोणती वास्तू कोणाची होती हे तपासून ज्याची त्याला द्यायची, असं झालं नाही. ज्यूंची घरं, अरबांची घरं आणि वक्फच्या मिळकती एकाच आदेशात सरकारजमा झाल्या आणि पुनर्बांधणीचं काम एका सरकारी कंपनीकडे गेलं. 1948 पूर्वी ज्यू वस्तीतली बरीच घरं मुस्लिम मालकांकडून किंवा वक्फकडून भाड्याने घेतलेली होती. निव्वळ मालकीहक्कावर परत जायचं म्हटलं असतं, तर वस्तीचा मोठा भाग हाती लागला नसता. शिवाय संपादित झालेला पट्टा जुन्या ज्यू वस्तीपेक्षा मोठा होता. दरम्यान तिथे राहायला आलेल्या हजारो पॅलेस्टिनींना नुकसानभरपाई देऊ केली गेली. अनेकांनी ती नाकारली, कारण घेणं म्हणजे मान्य करणं.

1978 मध्ये अशाच एका अरब रहिवाशाने, माझंच घर मला विकत घेऊ द्या, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात केली. न्यायालयाने ती फेटाळली. जॉर्डनने ज्यूंना हाकललं होतं म्हणून ही वस्ती ज्यूंसाठी पुन्हा उभारणं गैर नाही, असा त्याचा रोख होता. युक्तिवादात तथ्य नाही असं म्हणता येत नाही. मात्र 1970 च्या कायद्याने पूर्व जेरुसलेममधली 1948 पूर्वीची मालमत्ता मागण्याची वाट ज्यूंना खुली झाली. पश्चिम जेरुसलेममधून बेघर झालेल्या पॅलेस्टिनींना तशी वाट नव्हती, कारण 1950 च्या 'अनुपस्थितांची मालमत्ता' कायद्याने ती घरं आधीच सरकारकडे गेली होती. मूळ जागी परतण्याचा हक्क तत्त्व म्हणून मांडायचा, तर तो एका दिशेनेच कसा चालतो, याचं पटेल असं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

जेरुसलेमच्या दक्षिणेला, वेस्ट बँकेतल्या हेब्रोन शहरात गुंता आणखी वाढतो. लिथुआनियातली प्रसिद्ध स्लाबोदका येशिवा 1924 मध्ये तिथे आली, त्यामागे लष्करी भरतीची भीतीही होती. म्हणजे हेब्रोन हे तिचं मूळ घर नव्हतंच. ऑगस्ट 1929 च्या हत्याकांडात शहरातले 67 ज्यू मारले गेले, त्यांत येशिवेचे विद्यार्थीही होते. अनेकांना अरब शेजाऱ्यांनी घरात लपवून वाचवलं. उरलेली येशिवा जेरुसलेमला गेली. 1967 नंतर हेब्रोनची वाट उघडली, तरी ती परत गेली नाही. आजही ती जेरुसलेममध्येच आहे आणि 'हेब्रोन' हे नावही तिने सोडलेलं नाही.

परत गेले ते वेगळेच लोक. 1968 च्या वल्हांडण सणाला एका गटाने हेब्रोनच्या हॉटेलात खोल्या घेतल्या आणि सण संपल्यावर निघायला नकार दिला. सरकारने त्यांना आधी लष्करी कचेरीच्या आवारात हलवलं. त्यातून पुढे शहराला लागून किर्यात अर्बा ही वसाहत झाली. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला शहरातल्याच बेत रोमानो या इमारतीत 'शावेइ हेब्रोन', म्हणजे 'हेब्रोनला परतणारे', नावाची येशिवा आली. या वास्तूत पहिल्या महायुद्धाच्या थोडं आधी एका हसिदी, म्हणजे ज्यू भक्तिमार्गी, पंथाची येशिवा होती. नंतर ब्रिटिशांचं पोलीस ठाणं आलं, आणि जॉर्डनच्या काळात अरब मुलांची शाळा. ती शाळा हलली आणि येशिवा आली. नव्या येशिवेचं ना हसिदी पंथाशी थेट नातं, ना स्लाबोदकाशी.

जुन्या शहराच्या मुस्लिम भागातल्या तोरात हाइम येशिवेची कथा मात्र लोक आवर्जून सांगतात. 1936 च्या दंगलींच्या काळात ती सोडावी लागली. इमारतीच्या अरब राखणदाराने खोली बंद ठेवली, ग्रंथ जपले आणि 1967 नंतर किल्ल्या स्वाधीन केल्या. 1980 च्या दशकात तिथे पुन्हा अध्ययन सुरू झालं, पण ते आसपासची घरं ज्यूंसाठी मिळवत जाणाऱ्या एका गटाच्या येशिवेचं. किल्ल्या देणाऱ्याच्या शेजाऱ्यांना या परतण्याचा अर्थ पुढच्या काही वर्षांत कळत गेला.