कागद मोडतो, म्हणून घडी टिकते

झेरॉक्सचा साधा कागद घ्या, मधोमध दुमडा आणि घडीवरून नख फिरवा. आता तो उलगडून हवा तितका सपाट करा, त्यावर जाडजूड शब्दकोश ठेवा. रेघ काही जात नाही. ओरिगामीचा, म्हणजे कागद दुमडून आकार घडवण्याच्या जपानी कलेचा, सगळा डोलारा या न जाणाऱ्या रेघेवर उभा आहे, आणि ती रेघ म्हणजे कागदाला झालेली इजा आहे.

कागद ही सेल्युलोजच्या तंतूंची जाळी. लगदा वाळताना हे तंतू एकमेकांना धरतात ते मुख्यतः हायड्रोजन बंधांमुळे. कागद अलगद वाकवला की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, आणि सोडला की तो पूर्ववत होतो. पण कागद जेमतेम काही टक्केच ताण सोसतो. नख फिरवून घडी घातली की वळणाची त्रिज्या कागदाच्या जाडीइतकी, म्हणजे ०.१ मिलिमीटरच्या आसपास येते आणि ताण ती मर्यादा कुठल्या कुठे ओलांडतो. आतले तंतू चुरगळतात, थर सुटतात, बंध तुटतात. त्या रेघेपुरता कागद कमजोर होतो आणि पुढच्या वेळी मुकाट्याने तिथेच वाकतो. रबराच्या चादरीची ओरिगामी होत नाही, कारण रबर मोडतच नाही. काच पूर्णच मोडते. कागद सोयीस्करपणे अर्धवट मोडतो.

तरी न तुटलेल्या तंतूंत थोडा ताठा उरतोच. घडी मोकळी सोडली तर पटकन जराशी उघडते आणि मग तासन् तास अतिशय संथपणे उघडत राहते. घड्या घालून तयार झालेला कागदी पक्षी रात्रभर पुस्तकाखाली ठेवतात तो याचसाठी.

छंद म्हणून ओरिगामी करणारे आकृत्यांच्या मागे फार लागतात आणि कागदाकडे फारसं पाहत नाहीत, असं माझं मत आहे. निम्मी कटकट कागदाच्या ग्रेनची असते. गिरणीत लगदा वेगाने पुढे सरकणाऱ्या जाळीवर पडतो, तेव्हा बरेचसे तंतू त्या दिशेला लांब होऊन झोपतात. हीच ग्रेनची दिशा. कालचं वर्तमानपत्र वरून खाली फाडून बघा, फाटत जाणारी कड बऱ्यापैकी सरळ येते. आडवं फाडलं की ती वेडीवाकडी पळते. ग्रेनच्या दिशेने घातलेली घडी स्वच्छ बसते. आडवी घातली तर जाड कार्डशीटवर चक्क भेगा पडतात, कारण तिथे तंतूच आडवे मोडावे लागतात. दिशा ओळखायची आणखी एक युक्ती आहे. कागदाचा छोटा चौकोन कापून त्याच्या एकाच बाजूला ओलं बोट फिरवा. तंतू पाणी पिऊन रुंदीत भरपूर फुगतात, लांबीत जवळपास नाहीच. त्यामुळे चौकोन लगेच गुंडाळला जातो, आणि गुंडाळीचा आस ग्रेनची दिशा दाखवतो.

तंतूची लांबीही तितकीच महत्त्वाची. आपल्याकडच्या छपाईच्या कागदात निलगिरीचे किंवा उसाच्या चिपाडाचे तंतू असतील, तर त्यांची लांबी १ मिलिमीटरच्या आसपास भरते. जपानी वाशी कागद कोझो नावाच्या झाडाच्या सालीपासून बनतो आणि त्याचा तंतू साधारण १ सेंटिमीटरचा, म्हणजे दसपट लांब. याचा अर्थ काय ते १७९७ साली जपानात छापलेल्या एका पुस्तकात दिसतं. त्यात जोडक्रौंचांचे, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या कागदी क्रौंच पक्ष्यांचे, ४९ प्रकार आहेत. एकाच कागदाला चिरा देऊन अनेक चौकोन पाडायचे, ते फक्त कोपऱ्याशी चिमूटभर जोडलेले ठेवायचे, आणि प्रत्येक चौकोनाचा पक्षी करायचा. शेवटी चोचीला चोच, पंखाला पंख लागलेला अख्खा थवा हातात येतो. घड्या घालताना त्या एवढ्याशा जोडावर सारखी ओढाताण होते. वाशीचे लांब तंतू जोड ओलांडून दोन्हीकडे रुतलेले असतात, म्हणून तो तग धरतो. झेरॉक्सच्या कागदाचा जोड बहुधा दुसरा पक्षी होण्याआधीच निखळतो.

आपल्या हातकागदाची गोष्ट वेगळी. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याला या धंद्याची जुनी परंपरा आहे. हातकागद करताना चौकट लगद्यात बुडवून हलवतात, त्यामुळे तंतू सगळीकडे पसरतात आणि ग्रेन जवळजवळ नसतो. मात्र हा कागद बहुतेक वेळा जाड असतो. क्रौंचाची बारीक चोच त्यातून निघत नाही. त्याला ओल्या घडीचं तंत्र शोभतं, जे जपानी ओरिगामी कलाकार अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांनी रुजवलं. कागद दमट करायचा, म्हणजे पाणी तंतूंमध्ये शिरून हायड्रोजन बंध सैल करतं. मग मऊ, गोलसर वळणं द्यायची आणि वाळू द्यायचं. वाळताना नवे बंध नव्या आकारात जुळतात, कागदातली खळ त्यांना साथ देते. इथे कागद मोडावा लागत नाही, त्याची मनधरणी केली तरी भागतं.

कागद कोणताही असो, घड्यांचं गणित मात्र बदलत नाही. क्रौंच करून पूर्ण उलगडा. मधल्या पायऱ्यांत उगाच उमटलेल्या रेघा सोडून द्या आणि जिथे अनेक घड्या भेटतात असा आतला एखादा बिंदू निवडा. वर आलेल्या त्या डोंगरघड्या, खाली गेलेल्या त्या दरीघड्या. सपाट मिटणाऱ्या रचनेत या दोन्हींच्या संख्येत नेहमी २ चाच फरक असतो. डोंगर ५ असतील तर दऱ्या ३ किंवा ७, कधीही ४ नाहीत. यालाच माएकावाचा नियम म्हणतात. कारण असं: त्या बिंदूभोवती कागदावरून एक मुंगी फिरते आहे आणि कागद मिटलेला आहे असं समजा. डोंगरघडी आली की ती एका बाजूला अर्धी वळते, दरीघडी आली की उलट बाजूला अर्धी. फेरी पुरी करून मूळ जागी, मूळ दिशेला तोंड करून यायचं तर वजाबाकीनंतर एक पूर्ण वळण, म्हणजेच दोन अर्धी वळणं उरायलाच हवीत.

घड्यांच्या भूमितीत भारताचाही वाटा आहे. मद्रास इलाख्यातले सरकारी अधिकारी टी. सुंदर राव यांनी १८९३ साली कागदाच्या घड्यांमधून भूमिती शिकवणारं इंग्रजी पुस्तक काढलं आणि जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली. घनमूळ मात्र घड्यांनी काढता येणार नाही, अशी रावांची समजूत होती. १९३६ मध्ये मार्गेरिता बेलोक या इटालियन गणितज्ञ बाईंनी दाखवलं की दोन बिंदू एकाच घडीत दोन रेषांवर आणता आले तर तेही जमतं. पट्टी आणि कंपासला जे अशक्य आहे, ते एका घडीला साधतं! जपानी अवकाशशास्त्रज्ञ कोर्यो मिउरा यांनी शोधलेली, एका ओढीत उघडणारी घडी तर १९९५ साली जपानी उपग्रहाच्या सौरपटलाबरोबर अवकाशात जाऊन आली.

आता कागदाच्याच कानातल्यांकडे येऊ. क्विलिंगचे झुमके हल्ली प्रदर्शनांत, सणासुदीच्या बाजारांत सर्रास दिसतात. त्यात ३ किंवा ५ मिलिमीटर रुंदीच्या कागदी पट्ट्या सुईवर गुंडाळतात. गुंडाळी सुईवरून काढली की ती फुलते आणि अमुक एका आकाराला येऊन थांबते. फुलते तेवढा भाग लवचीक, उरलेला वळसा कायमचा. सगळ्या जोड्या सारख्या हव्या असतील तर हातांनी अंदाज बांधू नका, गोल भोकांच्या मोजपट्टीत गुंडाळी फुलू द्या.

एवढ्या पातळ कागदाचा दागिना आकार कसा धरतो? पट्टी तिच्या कडेवर उभी असते म्हणून. वाकण्याला होणारा विरोध वाकणाऱ्या दिशेतल्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, आणि तिला आडव्या असलेल्या रुंदीच्या नुसत्या प्रमाणात. ०.१ मिलिमीटर जाड आणि ३ मिलिमीटर रुंद पट्टी चपट्या बाजूने बोटाच्या नुसत्या स्पर्शाने वाकते, पण कडेच्या दिशेने तिचा ताठपणा ३० च्या वर्गाइतका, म्हणजे ९०० पट जास्त भरतो. झुमक्याचा घुमट करताना घट्ट गुंडाळी बोटाने मधून दाबतात. वेढे एकमेकांवरून किंचित घसरतात आणि घर्षणाने तिथेच अडून राहतात. मग आतून गोंदाचा पातळ हात फिरवायचा. पांढऱ्या गोंदात पाणी असतं, तो सढळ हाताने लावला की तंतू फुगून घुमट वेडावाकडा होतो. वजनाचं विचाराल, तर कागदाची घनता ०.८ च्या आसपास आणि पितळेची ८.५. तेवढ्याच आकाराचा पितळी झुमका निदान दसपट जड भरतो. मोठाले झुमके रोज घालूनही कानाच्या पाळ्या ओघळायची भीती नाही.

खरी परीक्षा पावसाळ्यात. कागद हवेतला दमटपणा शोषतो आणि कोकणातल्या जुलैमध्ये उघडा झुमका मलूल पडतो. त्यासाठी वरून लेप हवा, पण पाण्यात विरघळवलेला नको, नाहीतर लेपच कागद फुगवेल. पारदर्शक नेलपॉलिश इथे उत्तम चालतं. बहुतेक नेलपॉलिशमध्ये नायट्रोसेल्युलोज असतं, म्हणजे सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून केलेला पदार्थ, आणि तो विरघळवलेला असतो तो पाण्यात नव्हे, तर झटपट उडून जाणाऱ्या द्रावकात. थोडक्यात, कागदावर त्याच्याच घराण्यातला लेप चढतो आणि तंतूंना ओल लागत नाही. दोन पातळ हात द्या, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा, आणि कडा विसरू नका. वाफ सगळ्यात आधी तिथूनच आत शिरते. एवढं केलं तरी झुमके घालून भिजायला जाऊ नका. लेपामुळे ओल आत शिरायला उशीर होतो, ती कायमची बाहेर राहत नाही.