भेग बुजवण्याआधी मोजून ठेवा

घराच्या भिंतींना पडलेल्या भेगा आम्ही पाहतो आणि दुरुस्त करतो. आम्ही पाहायला येणार म्हणून आदल्या दिवशी भिंतीला पुट्टी मारू नका. पाहुण्यांसाठी घर आवरावं तशी भेगही आवरली जाते, आणि आमचा अर्धा दिवस ती पुट्टी खरवडण्यात जातो. ती मजुरी बिलात लावायला आम्हालाही जिवावर येतं.

उघड्या भेगेत बरंच वाचता येतं. कडा धारदार आणि आतली वीट स्वच्छ लाल असेल तर भेग नवी. आत धूळ, कोळिष्टकं, मुंग्यांनी आणलेली माती असेल तर जुनी. मागच्या वेळचा रंग भेगेच्या आत उतरून वाळलेला दिसला, तर रंग दिला तेव्हाही ती होतीच. त्या वाळलेल्या रंगातून पुन्हा बारीक चीर गेलेली असेल, तर ती रंगानंतरही हलली आहे. पुट्टीखाली यातलं काहीच उरत नाही.

पायाची, की नुसत्या गिलाव्याची?

कोळ्याच्या जाळ्यासारख्या सगळीकडे पसरलेल्या केसभेगा गिलाव्याच्या असतात. सिमेंट जास्त पडलं किंवा पाणी पुरेसं मारलं नाही. कॉलम आणि विटांची भिंत जिथे मिळते तिथली सरळ उभी रेघ दोन वेगळ्या मालांच्या सांध्याची असते. तिथे गिलाव्याखाली कोंबडजाळी मारायची राहून गेलेली असते. वरच्या मजल्यावर स्लॅबच्या लगेच खालून जाणारी आडवी रेघ उन्हाने स्लॅब तापून पसरल्याची. यातल्या एकीलाही पाया उकरायची गरज नाही. भूकंपाचं म्हणाल, तर ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर सातारा-सांगलीकडे प्रत्येक भेग त्याच्या नावावर टाकायची सवय लागली आहे. बहुतेक वेळा कारण अंगणातल्या पाण्यात सापडतं.

शंका असेल तर भेगेवर बोटाच्या पेराने टकटक करा. बद्द आवाज आला तर गिलावा सुटलेला आहे. मग सहा इंच बाय सहा इंच एवढाच तुकडा छिन्नीने काढा. भेग विटेत गेलेली नसेल तर पाया उकरण्याचा विषय सोडून द्या.

पायाची भेग बहुधा तिरकी असते. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून निघते आणि विटांच्या सांध्यांतून जिन्याच्या पायऱ्यांसारखी चढते किंवा उतरते. वर रुंद आणि खाली निमुळती असेल तर साधारणपणे घराचा कोपरा खाली बसतोय. खाली रुंद असेल तर मधला भाग. तीच भेग बाहेरच्या बाजूनेही दिसते का, जोत्यापर्यंत जाते का, आणि जवळचं दार चौकटीला घासायला लागलंय का, हे तिन्ही पाहा.

जाडी मोजायला एटीएम कार्ड पुरतं. एका कार्डाची जाडी साधारण पाऊण मिलिमीटर. एकही कार्ड जात नसेल तर रंगकामाच्या वेळी पाहू. एक ते सहा कार्डांपर्यंतची भेग लक्ष ठेवण्याची. सात कार्डं, म्हणजे पाच मिलिमीटरच्या वर गेली, तर आम्हाला बोलवा.

मे महिन्यात मोजलं, सप्टेंबरमध्ये मोजलंच नाही

सगळ्यात जास्त वेळ जातो तो इथे. सांगली-मिरजेकडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. ही हालचाल तीन-साडेतीन मीटर खोलीपर्यंत पोचू शकते. आपल्याकडच्या घरांचा पाया बऱ्याचदा चार-पाच फुटांवरच बसलेला असतो. उन्हाळ्यात घराच्या कडेची माती आधी वाळते, फरशीखालची ओलसरच राहते. कडा खाली जातात, भेग उघडते. पावसाळ्यात तीच भेग मिटते.

म्हणजे मे महिन्यात कडक सिमेंटने बुजवलेली भेग ऑगस्टमध्ये मिटायला बघते, जागा मिळत नाही, आणि शेजारचा गिलावा फुगून पडतो. सप्टेंबरमध्ये बुजवलेली एप्रिलमध्ये पुन्हा उघडते. दोन्ही वेळा शिव्या गवंड्याला. म्हणून आम्ही ‘एक पावसाळा थांबा’ म्हणतो. त्यात आमचंच काम लांबतं, हे लक्षात घ्या.

थांबण्याच्या काळात एवढं करा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण आणि तारीख. भेगेच्या दोन बाजूंना, गिलाव्यात नव्हे तर विटेत, एकेक स्टीलचा खिळा. दोन खिळ्यांमधलं अंतर मेअखेर आणि सप्टेंबरअखेर, दरवेळी त्याच खिळ्यांच्या त्याच कडांवरून मोजायचं. पत्रकाच्या मागे तक्ता छापला आहे. दरवर्षी उघडून परत मूळ मापावर येत असेल तर माती श्वास घेतेय. पाण्याची सोय लावायची. प्रत्येक मे महिन्यात आदल्या मेपेक्षा जास्त भरत असेल तर पाया बसतोय.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये किंवा २०२१ च्या जुलैत ज्यांच्या जोत्याला पाणी लागलं, त्यांनी फरशीवरही टकटक करून पाहावं. पूर ओसरताना भरावातली बारीक माती घेऊन जातो आणि फरशी खालून पोकळ होते.

पाण्याची सोय आधी, दुरुस्ती नंतर

जोत्याभोवती एक मीटर रुंदीची काळी माती दोन फूट काढून तिथे मुरूम भरा. सहा-सहा इंचांचा थर, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मसाने ठोकायचं. वर कोबा, घरापासून बाहेर मीटरला तीन-चार सेंटिमीटर उतार, आणि भिंत व कोबा यांच्या सांध्यात लवचीक सीलंट. गच्चीचा पाइप कोपऱ्यात सोडू नका. न्हाणीघराचा चेंबर गळत असेल तर तो आधी. कोपरा बसण्यामागे असा एखादा चेंबर वारंवार निघतो. शोषखड्डा भिंतीपासून दहा फुटांच्या आत नको. भिंतीलगतचं मोठं झाड मात्र आम्हाला विचारल्याशिवाय तोडू नका: ते ओढत होतं ते पाणी तोडल्यावर मातीतच साठतं आणि माती उलटी फुगते.

हलायची थांबलेली भेग एक सेंटिमीटर खोल खाच मारून, ब्रशने झाडून, ओली करून पॉलिमर मॉर्टरने भरायची. हलत्या भेगेत सीलंट. इपॉक्सीचं, म्हणजे भेगेत घट्ट होऊन चिकटणाऱ्या रसायनाचं, इंजेक्शन काँक्रीटच्या कॉलम-बीमसाठी. विटांच्या हलत्या भेगेत ते घातलं की भेग शेजारून नवी वाट काढते. ‘इपॉक्सी मारून द्या’ म्हणणाऱ्याला आम्ही नकार देतो तो यासाठी. पायाला खालून आधार देणं शेवटचा उपाय. त्यातही एका वेळी मीटर-सव्वा मीटरचाच तुकडा उकरायचा, एक आड एक. कोणी सलग भिंत उकरून देतो म्हणाला, तर त्याला घराबाहेरच थांबवा.

कॉलमवर गंजाच्या डागांसह उभी भेग, बीममध्ये आधाराजवळ तिरकी भेग, ओळंबा लावल्यावर भिंत बाहेर झुकलेली, किंवा आठवड्याभरात वाढलेली भेग: यात पावसाळा वगैरे थांबू नका. त्या बाजूला झोपणं बंद करा आणि त्याच दिवशी फोन करा.

व्हॉट्सॲपवरच्या फोटोवरून दर सांगत नाही, कारण फोटोत सात मिलिमीटर आणि दोन मिलिमीटर सारखेच दिसतात. पाहणीचे पैसे घेतो. काम आमच्याकडे दिलंत तर बिलातून वजा होतात, नाही दिलंत तरी मापांचा कागद तुमच्याकडेच राहतो. येण्याआधी भेगेसमोरचं कपाट दोन फूट पुढे ओढून ठेवा, बांधकामाचा नकाशा असेल तर काढून ठेवा, आणि शिडी आम्ही आणतो.