आमची बिअर गढूळ आहे आणि ती गढूळच राहील

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आम्ही इथेच बनवतो त्या बिअरबद्दल अलीकडे बरंच लिहिलं-बोललं जातंय. गढूळ आहे, फेसच फार, पुरेशी गार नाही, केळ्याचा इसेन्स घालतात, चढत नाही, आणि ‘आधी ग्लिसरीन किती ते सांगा’. गर्दीच्या वेळी प्रत्येक टेबलाशी थांबून बोलणं जमत नाही, म्हणून हे पत्रक. यातल्या बहुतेक आक्षेपांशी आम्ही सहमत नाही आणि का नाही ते सरळ सांगणार आहोत. ज्या तक्रारी खरंच करायला हव्यात, त्या मात्र फारसं कुणी करत नाही. त्याही पुढे लिहिल्या आहेत, कारण त्या तुम्ही कराव्यात अशी आमची मनापासून इच्छा आहे.

गढूळ का, आणि केळ्याचा वास कुठून येतो

सगळ्यात जास्त बोल लागतो तो गव्हाच्या बिअरला. ही बव्हेरियाची पद्धत. तिथल्या नियमाप्रमाणे या बिअरमध्ये निम्म्याहून कमी गव्हाचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, चालत नाही. उरलेलं सातूचं, म्हणजे बार्लीचं. सगळाच गहू का घेत नाही, असं कुणी विचारलं तर त्याचं कारण अगदी साधं आहे. गव्हाला टरफल नसतं. सातूचं टरफल टाकीच्या तळाशी थर करून बसतं आणि त्यातून माल्टचा गोड रस गाळून खाली येतो. नुसता गहू घेतला तर तळाशी चिकट लगदा होतो आणि रस अडकून बसतो.

गव्हातली प्रथिनं बिअरमध्ये तरंगत राहतात, त्यांच्याबरोबर यीस्टही राहतं. त्यामुळे ग्लासातून पलीकडचं दिसत नाही. ही घाण नाही, शिळेपणा नाही आणि गाळायचं राहून गेलेलंही नाही. गाळलेली गव्हाची बिअर जर्मनीतही मिळते, तिला क्रिस्टल म्हणतात, आणि ती वाईट नसते. पण गाळताना यीस्ट जातं, बिअरचा भरीवपणा जातो आणि चवीतला मऊपणा जातो. आम्हाला तो हवा आहे. म्हणून आम्ही गाळत नाही आणि कुणी कितीही सांगितलं तरी गाळणार नाही.

केळ्याचा इसेन्स आम्ही वापरत नाही. एक थेंबही नाही. पिकलेल्या केळ्याला जो वास येतो त्यामागे आयसोअमाईल अॅसिटेट नावाचा पदार्थ असतो, आणि गव्हाच्या बिअरचं यीस्ट आंबवताना नेमका तोच पदार्थ तयार करतं. लवंगेसारखा जो दुसरा वास येतो, तोही यीस्टचाच. त्या लवंगेचा कच्चा माल धान्यात असतो. तो सुटा व्हावा म्हणून दळलेलं माल्ट आम्ही आधी ४४ अंशांच्या आसपास भिजत ठेवतो, मग साखर तयार होण्यासाठी ६५ अंशांच्या पुढे नेतो. पुढे आंबताना टाकीचं तापमान दोन-तीन अंशांनी वर गेलं की केळं पुढे येतं, खाली ठेवलं की लवंग. ब्रुअरचं, म्हणजे बिअर बनवणाऱ्याचं, कसब त्या दोन-तीन अंशांत आहे. विश्वास बसत नसेल तर सांगा, टाक्यांच्या खोलीत घेऊन जाऊ. आंबायला लागलेल्या टाकीची नळी खाली बादलीतल्या पाण्यात सोडलेली असते. दुसऱ्या दिवशी त्या बादलीत सतत बुडबुडे येत असतात आणि दार उघडल्या उघडल्या अख्ख्या खोलीत पिकल्या केळ्यांचा घमघमाट असतो. खोलीत केळं एकही नसतं.

‘चढत नाही’

ही तक्रार आम्ही तक्रार मानत नाही. आपल्याकडे विकली जाणारी बहुतेक बिअर ‘स्ट्राँग’ असते. नियमाप्रमाणे ५ टक्क्यांपर्यंतची बिअर माईल्ड आणि त्याच्या वर ८ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग. आता हिशेब करून पाहा. ६५० मिलीची ८ टक्क्यांची बाटली म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचे ३० मिलीचे चार पेग घेतले तर साधारण तेवढंच होतं. एका बाटलीत चार पेग पोटात जातात आणि ‘आपण फक्त बिअर घेतली’ असं लोक घरी सांगतात. आमची गव्हाची बिअर ५ टक्क्यांच्या आत असते. अर्ध्या लिटरचा ग्लास म्हणजे जेमतेम दोन लहान पेग, आणि तेही कमी नाही. आमची बिअर गप्पा मारत, जेवता जेवता, चव घेत पिण्यासाठी केलेली आहे. लवकर चढावी म्हणून आम्ही तिच्यात साखर ओतून टक्के वाढवणार नाही.

काळ्या स्टाऊटबद्दल उलटी समजूत आहे: काळी म्हणजे कडक. रंग भाजलेल्या सातूचा असतो. अल्कोहोलशी त्याचा संबंध नाही. आयर्लंडची जगभर विकली जाणारी काळी बिअर सव्वाचार टक्क्यांच्या घरात असते.

ग्लिसरीन

बिअरमध्ये ग्लिसरीन मिसळतात अशी समजूत आहे, म्हणून ‘किती घालता’ हा प्रश्न जवळजवळ रोज येतो. त्यामागचा प्रयोग तुम्ही पाहिला असेल, कदाचित केलाही असेल: बाटली उघडायची, पाण्याने भरलेल्या ग्लासात उलटी धरायची आणि थांबायचं. थोड्या वेळात बाटलीच्या तोंडातून पिवळसर दोरीसारखं काहीतरी खाली उतरताना दिसतं. ते ग्लिसरीन, असं सांगतात. तेवढं निघून गेलं की बिअर ‘शुद्ध’ झाली म्हणायचं आणि प्यायची.

खाली उतरते ती बिअरच. बिअरमध्ये न आंबलेली साखर, प्रथिनं असं बरंच काही विरघळलेलं असतं, त्यामुळे ती साध्या पाण्यापेक्षा थोडी जड असते. जड द्रव खाली जातो, हलकं पाणी वर चढून बाटलीत शिरतं. प्रकाश दोघांतून वेगवेगळा वाकतो म्हणून ती दोरी डोळ्यांना दिसते. घरी रिकाम्या बाटलीत साखरेचं पाणी भरा, हवं तर चमचाभर कोकम सरबत घालून रंगवा, आणि तशीच उलटी धरा. तीच दोरी उतरेल. साखरेच्या पाण्यात ग्लिसरीन कुणी घातलेलं नसतं. म्हणजे ज्यांनी बाटली ‘शुद्ध’ करून घेतली, त्यांनी थोडी चांगली बिअर ग्लासात सांडली आणि बाटलीत पाणी भरून घेतलं.

मग बिअरमध्ये ग्लिसरीन नसतंच का? थोडंसं असतं, आमच्याही बिअरमध्ये. यीस्ट साखर खाताना अल्कोहोल आणि वायूबरोबर थोडं ग्लिसरीनही तयार करतं. बिअरमध्ये ते लिटरमागे एक-दोन ग्रॅमच्या आसपास भरतं, वाईनमध्ये त्याच्या कितीतरी पट. ‘झिरो ग्लिसरीन’ असं कुणी लिहीत असेल तर तो आंबवण्याची क्रियाच नाकारतोय. आम्ही तसं लिहिणार नाही.

फेस, थंडपणा आणि ग्लास

आमच्या ग्लासवर एक रेघ आहे. बिअर रेघेपर्यंत, फेस रेघेच्या वर. फेसाचे पैसे आम्ही घेत नाही. बिअर रेघेच्या खाली आली तर ग्लास परत द्या, भरून मिळेल, वाद घालावा लागणार नाही. पण फेसच काढून द्या असं सांगू नका. वास फेसातूनच नाकापर्यंत येतो, आणि बिअरची निम्मी चव नाकात असते. फेस पटकन बसला तर आधी ओठांकडे पाहा: भजी किंवा चिकन सिक्स्टी फाईव्हचं तेल फेस मारतं, लिपस्टिकही मारते. ग्लासाच्या आतल्या काचेला जागोजागी बुडबुडे चिकटून बसलेले दिसले तर मात्र दोष आमचा. तो ग्लास नीट धुतला गेलेला नाही. बदलून घ्या.

गव्हाची बिअर आम्ही ६ ते ८ अंशांवर देतो, स्टाऊट त्याहून थोडी कमी गार. पुण्याच्या एप्रिलमध्ये दोन अंशांची बिअर किती हवीहवीशी वाटते ते आम्हालाही ठाऊक आहे. पण तेवढ्या गारव्यात जीभ बधिर होते आणि वास बाहेर येत नाही. मग ती कुठलीही बिअर असली तरी सारखीच लागते. बर्फ धरलेला ग्लासही आम्ही देत नाही, कारण तो बर्फ वितळून बिअरमध्येच जातो.

या तक्रारी जरूर करा

बिअरला लोण्याचा किंवा थिएटरमधल्या पॉपकॉर्नचा वास आला तर ग्लास परत करा. त्याला डायअॅसिटिल म्हणतात. टाकीत यीस्टला पुरेसा वेळ दिला नाही की ते राहून जातं, नाहीतर नळ्यांमध्ये बॅक्टेरिया वाढले की येतं. यासाठी नळ्या दर दोन आठवड्यांनी धुतल्या जायला हव्यात. आमच्या टॅपशेजारी धुतल्याची तारीख लावलेली असते, तुम्ही ती वाचू शकता, आणि दुसरीकडे कुठे पीत असाल तर तिथेही बेधडक विचारा.

उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास आला तर उकळी कमी पडलीय किंवा उकळल्यावर रस गार व्हायला फार वेळ गेलाय. व्हिनेगरसारखी झणझणीत आंबट चव म्हणजे हवा आणि बॅक्टेरिया आत शिरलेत. ओल्या पुठ्ठ्यासारखी चव म्हणजे बिअर जुनी झालीय किंवा तिला ऑक्सिजन लागलाय. यांपैकी काहीही जाणवलं तर अर्धा ग्लास संपवून मग सांगू नका. पहिल्या घोटालाच सांगा. दुसरा ग्लास मिळेल, बिलात पहिला लागणार नाही, आणि तो केग, म्हणजे ज्या पिंपातून ती बिअर आली ते, ब्रुअर स्वतः चाखून बघेल. एक खुलासा: काही बिअर मुद्दाम आंबट केलेल्या असतात, लॅक्टिक बॅक्टेरिया वापरून, ताकाच्या अंगाने जाणाऱ्या. त्या पाटीवर ‘आंबट’ म्हणूनच लिहिलेल्या असतात.

हापूसची बिअर गोड नाही, असंही बरेच जण म्हणतात. ती गोड होणार नाही. आंब्यातली साखर यीस्ट खाऊन टाकतं, मागे उरतो तो वास आणि थोडा आंबटपणा. सिरप ओतून आम्ही ती गोड करत नाही. आणि हंगाम संपला की ती पाटीवरून उतरते.

किमतीबद्दल दोनच वाक्यं. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, बहुतेक बाहेरच्या देशांतून येतात, कारण आपल्याकडे ते हिमाचलात लाहौलसारख्या थंड भागात थोडेफार पिकतात, त्यात देशाची गरज भागत नाही. त्यात लहान टाक्या आणि राज्याचे कर आले, त्यामुळे कारखान्याच्या बाटलीच्या दरात आम्ही देऊ शकत नाही.

महाराष्ट्रात माईल्ड बिअरसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात, आम्ही ओळखपत्र मागतो आणि त्यात ओळखीचा-अनोळखी असा भेद करत नाही. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे, आणि एका मोठ्या ग्लासानंतरही काही जण त्या आकड्याच्या पुढे जाऊ शकतात. चावी तुमच्या खिशात असेल तर बिअर मागवू नका. कोकम सरबत आणि ताक दोन्ही काउंटरवर मिळतं. टाक्यांची खोली पाहायची असेल तर संध्याकाळची गर्दी सुरू होण्याआधी या आणि ब्रुअरला बोलवायला सांगा.