हाईडमध्ये बसलं म्हणजे आपण गायब होत नाही

सिंहगड व्हॅलीत ओढ्याकाठी पक्ष्यांचे फोटो काढायला पहिल्यांदा हाईड, म्हणजे लपून बसायचा कापडी आडोसा, लावलं तेव्हा वाटलेलं, कापडाच्या आत शिरलं की झालं, पक्ष्यांना आपण दिसणारच नाही. पाऊण तास कोणी फिरकलं नाही. शेवटी सोबतचा मित्र वैतागून म्हणाला तू बस, मी चाललो, आणि पाचोळा तुडवत, फोनवर बडबडत निघून गेला, तर दहा मिनिटांत नाचण पाण्यावर हजर, शेपटीचा पंखा पसरून! नंतर कळलं की ही तर जुनीच ट्रिक आहे, दोघांनी आत शिरायचं आणि एकाने दिमाखात बाहेर पडायचं, पक्ष्याला वाटतं माणूस गेला.

म्हणजे हाईड पक्ष्याला दिसतंच. त्याला धास्ती असते ती माणसाच्या आकाराची, उभं शरीर, खांदे, डोकं, समोर रोखलेले डोळे. तो आकार मोडला की अर्धं काम झालं. म्हणून तर भिगवणला होडीतून रोहित (फ्लेमिंगो) बऱ्यापैकी जवळून मिळतात, आणि सासवडच्या माळावर गाडीच्या खिडकीतून धाविक पक्षी आरामात फोटो देतो, तुम्ही दार उघडून पाय खाली टेकवला की पळालाच. इंग्लंडमधल्या रिचर्ड आणि चेरी कीअर्टन या भावांनी तर १९०० च्या सुमारास बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल बनवला आणि त्याच्या पोटात शिरून फोटो काढले. आपल्याकडे पोळ्याला मिरवला असता तो.

उरलेलं अर्धं काम म्हणजे हालचाल, आणि तिथेच आपण सगळे मार खातो. आपल्याला सेकंदाला ५०-६० वेळा लुकलुकणारा दिवा सलग पेटलेला वाटतो. युरोपातल्या माशीमार पक्ष्यांवर प्रयोग झाले तेव्हा त्यांना १४० च्या आसपासपर्यंत ती लुकलुक वेगळी दिसत होती! उडता किडा हवेतल्या हवेत पकडायचा तर नजर तशीच लागणार. त्यात बहुतेक पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या बाजूला, कबुतराला तर मान न वळवता सुमारे ३४० अंश दिसतं. आता अशा प्राण्यासमोर आपण कापडातून ते लेन्सचं काळं तोंड बाहेर काढून झपकन इकडून तिकडे फिरवतो आणि वर म्हणतो पक्षी फार लाजाळू आहे बुवा.

मी आता लेन्स आधीच पाण्याकडे रोखून ठेवतो, हलवायचीच झाली तर पक्ष्याने अंघोळीसाठी डोकं पाण्यात घातलं की तेवढ्यात थोडी सरकवायची. शटर सायलेंट, फक्त त्यात एक भानगड आहे, इलेक्ट्रॉनिक शटर फ्रेम ओळी-ओळीने वाचतं त्यामुळे फडफडणारे पंख कधीकधी वाकडे येतात.

बुलबुल, दयाळ, टिकेलची निलिमा हे काठावर बसून निवांत अंघोळ करतात त्यामुळे सोपे. स्वर्गीय नर्तक मात्र फांदीवरून सूर मारतो, पाण्याला टेकतो न टेकतो तोच परत वर. गेल्या एप्रिलमध्ये त्याने माझ्यासमोर सहा वेळा सूर मारला. माझ्याकडे गोल तरंगांचे सहा फोटो आहेत, एकात शेपटीचं टोकपण आहे.