लिनक्स टाकलं म्हणून स्पीकर जळत नाहीत

"लिनक्स (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलं की लॅपटॉपचे स्पीकर कायमचे जातात" असं बरीच वर्षं फिरतंय. आवाज एकदम बंद झाला की कुणालाही तसंच वाटणार, पण बहुतेक वेळा स्पीकर ठणठणीत असतात. आधी सेटिंगमध्ये आवाजाचं आऊटपुट एचडीएमआयवर, म्हणजे टीव्ही-मॉनिटरच्या केबलकडे, तर गेलं नाही ना ते बघा. इथे सोलापुरात नवी पेठेतल्या मित्राच्या लॅपटॉपवर टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) अल्सामिक्सर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचा प्रोग्रॅम, उघडलं, एफ६ दाबून साऊंड कार्ड निवडलं तर स्पीकरच्या पट्टीखाली एमएम, म्हणजे म्यूट, मग एम दाबलं, ओओ आलं आणि आवाज सुरू! नवीन इंटेल लॅपटॉपवर कार्डच दिसत नसेल तर बऱ्याचदा साऊंडचं फर्मवेअर (साऊंडचं हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) पॅकेज टाकायचं राहिलेलं असतं, ते टाकून रीस्टार्ट करा. त्याच लॅपटॉपवर लिनक्सच्या जोडीला विंडोजही ठेवलं असेल तर त्यात गाणं लावून बघा, वाजलं तर स्पीकर शाबूत आहेत, उगाच बदलायला पैसे घालू नका.